इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत निळू फुले : न पाहिलेल्या माणसाला आपला आवडता नट कसा सांगावा?

परिचारिका_धंतोली

नमस्कार. मी नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात गेली 9 वर्षे परिचारिका आहे. इंग्लंडमध्ये नोकरीसाठी अर्ज करायचा असल्याने सध्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिथल्या नर्सिंग परिषदेला बोलण्याच्या परीक्षेत 7 बॅंड (म्हणजे गुणांची श्रेणी) लागतात. ऐकण्याची आणि वाचण्याची मला धास्ती वाटत नाही, पण बोलण्याच्या परीक्षेच्या दुसऱ्या भागाने माझी झोप उडवली आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : परीक्षक समोर एक कार्ड ठेवतो, त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे असतात, तयारीला 1 मिनिट मिळते आणि मग 1 ते 2 मिनिटे आपण एकट्यानेच बोलायचे असते.

शिकवणीत सरावासाठी आलेला विषय असा होता : तुम्हाला आवडणारा चित्रपट अभिनेता कोण, तो कोणत्या भूमिका करतो, तुम्हाला तो कसा माहीत झाला आणि का आवडतो. सरांनी सर्वांना शाहरुख खानवरचे एक छापील उत्तर दिले. वर्गात आम्ही 22 जण आहोत आणि 22 जणांना शाहरुख खानच्या गालावरची खळी एकाच वाक्यात आवडते.

मला निळू फुले आवडतात. काटोलजवळच्या आमच्या गावी दुपारी टीव्हीवर त्यांचा चित्रपट लागला, की मी आजीच्या पाठीमागे लपून तो पाहत असे. सरांना तसे सांगितल्यावर ते म्हणाले, "परीक्षकाला निळू फुले कोण हेच कळणार नाही, उगाच धोका कशाला घेता?" माझे दोन प्रश्न आहेत. सरांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि पडद्यावरच्या ज्या खलनायकाची लहानपणी मला भीती वाटत होती, तोच मला आवडतो, हे इंग्रजीत विचित्र न वाटता कसे सांगायचे?

संत्राबर्फी

ताई, मला तुमच्या सरांचे म्हणणे पटते. तुमच्याजवळ 2 मिनिटे आहेत. त्यांतली 40 सेकंदे महाराष्ट्र, मराठी चित्रपट, पाटील आणि वाडा समजावण्यातच जातील. शाहरुख खान म्हटले की तो प्रश्न मिटतो. परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. निळूभाऊंचा गौरवग्रंथ लिहायचा नाही.

शिकवणीवाल्या_बाई

मी लक्ष्मीनगरात घरीच इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. मी परीक्षक नाही, परंतु या परीक्षेला बसणारी बरीच मुले माझ्याकडे येऊन गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बोलण्याच्या परीक्षेत गुण चार गोष्टींना मिळतात : बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणातील वैविध्य व अचूकता, आणि उच्चार. चारही गोष्टींचे वजन सारखे असते. अभिनेता किती प्रसिद्ध आहे याला गुण नाहीत, आणि परीक्षक त्याला ओळखतो की नाही यालाही नाहीत. संत्राबर्फी यांनी ज्या 40 सेकंदांना वाया गेलेली म्हटले आहे, त्यांतच खरी कमाई आहे, असे माझे मत आहे. "गावातल्या सर्वांत श्रीमंत जमीनदाराची भूमिका ते करीत आणि त्याच्या वाड्यात जायला गावातील लोक घाबरत असत," हे सांगताना तुम्हाला भूतकाळ वापरावा लागतो, संबंधदर्शक उपवाक्य वापरावे लागते आणि नेमके विशेषण शोधावे लागते. जो नट साऱ्या जगाला माहीत आहे, त्याच्याविषयी बोलताना माणूस आळशी होतो. "तो फार छान अभिनय करतो, तो फार प्रसिद्ध आहे" यापुढे वाक्य सरकत नाही.

पाठ केलेल्या उत्तराविषयी एक सूचना. पाठांतर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते, आणि ते ओळखायला फारसे प्रशिक्षण लागत नाही हेही खरे. पहिल्या भागात "आपण कुठे राहता" याला अडखळत उत्तर देणारा उमेदवार दुसऱ्या भागात एकाएकी वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखा बोलू लागतो आणि तिसऱ्या भागात पुन्हा अडखळतो. संपूर्ण परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. तेवढ्यात एवढे चढउतार लपत नाहीत.

मेलबर्नवासी_वऱ्हाडी

बाईंशी सहमत आहे, आणि माझी फजिती पुरावा म्हणून सादर करतो. मी पहिल्यांदा परीक्षा दिली तेव्हा अभिनेत्याचेच कार्ड आले. "परीक्षकाला माहीत असलेलाच नट घ्यावा" या हिशेबाने मी चार्ली चॅप्लिन निवडला होता आणि त्याची सारी माहिती पाठ केली होती : जन्म 1889, लंडन, मृत्यू 1977, तोही नाताळच्या दिवशी, मूकपट, टोपी, काठी, मिशी. हे सगळे मी 50 सेकंदांत बोलून मोकळा झालो. पुढे शांतता. परीक्षक बाईंनी हसऱ्या चेहऱ्याने विचारले की आणखी काही सांगायचे आहे का. मी पुन्हा मिशीबद्दल बोललो.

तो बॅंड होता 6. दुसऱ्या खेपेस सरावासाठी तोच विषय घेतला, पण माहिती टाकून दिली. माझे अकोल्याचे आजोबा, ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, चॅप्लिन पाहताना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत हसायचे. ते दृश्य सांगायला घेतले, तर 2 मिनिटे पुरेनात. नट तोच होता. फक्त बोलणारा मी होतो, विश्वकोश नव्हता.

तर्रीवाला

88 वर्षांचे आयुष्य 50 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला पावणेदोन वर्षे. एवढ्या वेगाने तर आमच्याकडे पोह्यांवर तर्रीही पडत नाही.

उत्तर_नागपूरकर

मी परीक्षेत वीरा साथीदार यांच्याविषयी बोललो होतो. हे नाव इथल्याही काही सदस्यांना सांगावे लागेल, याचे मला वाईट वाटते. ते आपल्या नागपूरचे. आयुष्यभर चळवळीत राहिलेले, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात त्यांनी नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका केली. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप त्या शाहिरावर ठेवला जातो आणि खटला चालत राहतो. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला पुरस्कार मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला. 13 एप्रिल 2021 रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, वीरा साथीदार आपल्या याच शहरात गेले.

माझी अडचण "लोकशाहीर" या शब्दाची होती. "फोक सिंगर" म्हटले तर परीक्षकाच्या डोळ्यांसमोर लग्नात गाणारा माणूस उभा राहणार. तयारीच्या एका मिनिटात मी कागदावर एवढाच एक शब्द लिहिला आणि त्याच्याखाली तीन छोटे तुकडे : स्वतः गाणी लिहितो, वस्तीच्या चौकात गातो, सत्तेला प्रश्न विचारतो. मग बोलताना सरळ म्हणालो, की माझ्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, त्याला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द मला सापडत नाही, पण तो माणूस काय करतो ते सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे तिथेच मला शब्दसंपत्तीचे गुण मिळाले, कारण अडलेला शब्द वळसा घालून पोहोचवता येणे हीसुद्धा भाषेवरची पकडच आहे. बोलण्याचा बॅंड 7.5 आला.

तेव्हा संत्राबर्फी यांना माझे नम्र उत्तर असे आहे, की समजावून सांगण्याच्या श्रमाला घाबरून जो नट टाळला जातो, तोच पुष्कळदा सर्वांत जास्त वाक्ये देतो.

संत्राबर्फी

आपले उदाहरण उत्तम आहे, मी तेवढ्यापुरती माघार घेतो. परंतु प्रत्येकाजवळ असा वळसा घालण्याइतके इंग्रजी असते का? ज्याला 6 बॅंड काढतानाच घाम फुटतो, त्याने "सत्तेला प्रश्न" वगैरेच्या नादी लागू नये. तो तिथे अडकला तर ओघही गेला आणि सुसंगतीही गेली. माझ्या धाकट्या भावाचे असेच झाले होते. त्याने रंगभूमीवरून आलेला एक गंभीर नट निवडला आणि "अंतर्मुख" या शब्दापाशी पूर्ण अर्धा मिनिट उभा राहिला.

फुटाळा_काठ

मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. मी अमिताभ बच्चन यांच्याविषयी बोलले होते, म्हणजे ज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही असेच नाव घेतले होते. पण त्यांच्या साऱ्या कारकिर्दीविषयी मी काहीच बोलले नाही. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटाचे चित्रीकरण आपल्या शहरात झाले, तेव्हाचा एक दिवस सांगितला. त्यात त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्याच एका क्रीडाशिक्षकाची भूमिका केली आहे, आणि मुलेही पुष्कळशी इथलीच आहेत. मी आणि माझी मैत्रीण उन्हात दोन तास उभ्या होतो, गर्दीतून आम्हाला फक्त त्यांच्या खांद्याचा एक भाग आणि छत्री दिसली, आणि तरीही घरी येऊन आम्ही "पाहिले" असेच सांगितले. 2022 साली चित्रपट पाहताना मी पडद्यावर त्यांना कमी आणि आमच्या ओळखीच्या रस्त्यांना जास्त शोधत होते.

हे सांगताना परीक्षक हसले. हसण्याला गुण नसतात हे मला ठाऊक आहे, पण त्यानंतर माझा आवाज मोकळा झाला. माझ्या मते नट प्रसिद्ध असो वा नसो, त्याच्याशी तुमची गाठ कुठे पडली ते ठिकाण तुमचे स्वतःचे असले पाहिजे.

तर्रीवाला

छत्रीला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार द्यावा, अशी मी सूचना मांडतो.

निवृत्त_मास्तर

महालातील एका शाळेत 31 वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझ्या वाट्याला चुकाच येणार. चित्रपटावर बोलताना आपली मराठी माणसे हमखास जिथे घसरतात, त्या जागा सांगतो. यातले बहुतेक शब्द इंग्रजीतून मराठीत आले, इथे स्थायिक झाले आणि परत इंग्रजीत जाताना ओळखू येईनासे झाले आहेत.

आपण "हिरो" म्हणतो, ते इंग्रजीत "लीड ॲक्टर" असते; त्यांच्याकडे "हिरो" म्हणजे मुख्यतः शूर पुरुष. "हिरोईन" तर शक्य तो टाळावेच, कारण एका अमली पदार्थाचा उच्चारही तोच आहे, आणि "मला लहानपणापासून हिरोईन आवडते" हे वाक्य परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेने उच्चारणे योग्य नव्हे. "साइड हिरो" असा प्रकार इंग्रजीत नाही, "सपोर्टिंग ॲक्टर" म्हणावे. "टॉकीज" ऐकून परीक्षकाला शंभर वर्षांपूर्वीचा बोलपट आठवेल, तेव्हा "सिनेमा" म्हणावे. "ॲक्टिंग केली" याचे शब्दशः रूपांतर "डिड ॲक्टिंग" असे करण्यापेक्षा नुसते "ॲक्टेड" किंवा "प्लेड" पुरते. "कॉमेडियन" म्हणताना आपण "कॉ"वर जोर देतो. इंग्रजीत तो जोर "मी"वर पडतो आणि शब्द "कमीडियन" असा ऐकू येतो, "कॉमेडी"त मात्र तो पहिल्या अक्षरावरच असतो. "विलन" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, नाहीतर आपला "व" त्यांच्या कानाला दुसऱ्याच अक्षराचा वाटतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काळ. निळू फुले 2009 साली वारले. त्यांच्याविषयी बोलताना पहिले वाक्य भूतकाळात आणि दुसरे "ही इज अ व्हेरी गुड ॲक्टर" असे झाले, की परीक्षकाची पेन्सिल हलते. त्यांचे आयुष्य भूतकाळात सांगावे. चित्रपटातील प्रसंग सांगताना वर्तमानकाळ चालतो, किंबहुना तो अधिक जिवंत वाटतो. पण एकदा जो काळ धरला तो त्या प्रसंगाच्या शेवटपर्यंत धरून ठेवावा. आणि कृपा करून "ही एक्सपायर्ड" म्हणू नये. "डाइड" या शब्दात काहीही अशिष्ट नाही.

तर्रीवाला

मास्तर, एक्सपायर्ड म्हटले तर परीक्षक दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहायला लागेल.

परिचारिका_धंतोली

मास्तर, आमच्या रुग्णालयात दिवसातून दहादा "एक्सपायर्ड" म्हटले जाते, अगदी डॉक्टरांकडूनही. हा शब्द तोंडातून काढायला मला औषध घ्यावे लागेल. आपण दाखवलेल्या साऱ्या चुका मी काल ध्वनिमुद्रित केलेल्या सरावात केल्या आहेत, हिरोईनसकट.

झाडीपट्टी

मी वडसा देसाईगंजचा. आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात आणि त्यातले नट आम्हाला कोणत्याही चित्रपटातल्या नटापेक्षा मोठे वाटतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती आमच्या साऱ्या झाडीपट्टी रंगभूमीला मिळाली असे आम्ही मानतो. कार्डावर "चित्रपट अभिनेता" असताना मी अशा रंगभूमीवरच्या नटाविषयी बोललो तर चालेल का? पडद्यावरच्या कोणाविषयी मला तेवढ्या पोटतिडकीने बोलता येत नाही.

शिकवणीवाल्या_बाई

आपली भावना मला समजते, तरीही मी तसे करू नये असेच सांगेन. मुद्द्यांचा क्रम बदलला किंवा एखादा मुद्दा राहिला, तर फारसे बिघडत नाही, परंतु विषयच बदलल्यासारखा वाटला, तर दुसऱ्याच कार्डाचे पाठांतर इथे चिकटवले असा संशय येऊ शकतो. आपली शिदोरी तिसऱ्या भागासाठी राखून ठेवावी. तिथे 4 ते 5 मिनिटे चर्चा असते आणि प्रश्न त्याच विषयातून व्यापक होत जातात : नाटक आणि चित्रपट यांतल्या अभिनयात काय फरक असतो, नटांना मिळणारे पैसे योग्य आहेत का, लोकांना नटांच्या खासगी आयुष्यात एवढा रस का असतो. पहिला प्रश्न आला, की तुम्ही वडशाला पोहोचलात. मंडपात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोहोचवावा लागतो आणि कॅमेऱ्यापुढे पापणी हलली तरी दिसते, हे आपल्याइतके प्रत्यक्ष पाहून कोण सांगणार?

दुसऱ्या भागात मात्र असा चित्रपटातला नट घ्यावा, जो मूळचा रंगभूमीवरचा आहे. म्हणजे कार्डही पाळले जाते आणि आपले मनही.

निवृत्त_मास्तर

याच धाग्याला धरून परिचारिका ताईंना एक पर्याय सुचवतो. डॉ. श्रीराम लागू का घेत नाही? ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, आफ्रिकेत वैद्यकीय व्यवसाय केला आणि चाळिशी ओलांडल्यावर तो सोडून पूर्णवेळ नट झाले. 'नटसम्राट'मधले पहिले गणपतराव बेलवलकर तेच. आपण परिचारिका, ते डॉक्टर. "का आवडतात" या मुद्द्याचे उत्तर आपोआप तयार होते आणि शब्दही आपल्या रोजच्या कामातले मिळतात. खलनायकाचे समर्थन करीत बसण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे.

उत्तर_नागपूरकर

मास्तर, आदर राखून असहमती नोंदवतो. ताईंनी "मला निळू फुले आवडतात" असे लिहिले आहे आणि आपण त्यांना दुसऱ्याच नटावर प्रेम करायला सांगत आहात. शाहरुख खानच्या जागी डॉ. लागू आले, एवढाच काय तो फरक पडला. उत्तर पुन्हा दुसऱ्यानेच ठरवून दिलेले.

शिवाय रुग्णालयाचा धागाच हवा असेल, तर तो निळूभाऊंकडेही आहे. चित्रपटांत येण्यापूर्वी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा माणूस आयुष्यभर सामाजिक चळवळींना आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वेळ देत राहिला. पडद्यावर गावाला लुबाडणारा पाटील आणि पडद्याबाहेर हे असे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाक्यांत आहे, असे मला वाटते.

निवृत्त_मास्तर

मान्य. शिक्षकाची सवय आहे, समोरच्याच्या तोंडात वाक्य घालण्याची.

संत्राबर्फी

एक व्यावहारिक प्रश्न. खरे बोललेच पाहिजे असे कुठे आहे? परीक्षक काही आजीला फोन लावून विचारणार नाही. मी एक घटना रचून सांगितली, तर काय बिघडते?

शिकवणीवाल्या_बाई

काहीही बिघडत नाही. खरेखोटेपणा तपासला जात नाही. फक्त रचलेल्या घटनेत पुढचे वाक्य शोधावे लागते आणि घडलेल्या घटनेत ते आठवते. शोधण्यातली थांबणी आणि आठवण्यातली थांबणी कानाला निराळी लागतात.

परिचारिका_धंतोली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर_नागपूरकर यांनी लिहिलेली माळीकामाची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती वाचल्यापासून मी दोन रात्रपाळ्यांत त्यावरच विचार करते आहे. आता माझ्या बोलण्याची मांडणी साधारण अशी झाली आहे. मी आजीच्या पाठीमागे लपायचे. माझ्या आजीला तर पडद्यावरच्या माणसाचा एवढा राग यायचा, की ती टीव्हीकडे पाठ करून भाकरी थापायची. पुढे नर्सिंगला असताना वसतिगृहात 'सामना' पाहिला. त्यात समोर डॉ. लागू आहेत आणि हिंदुराव पाटलाच्या भूमिकेत निळू फुले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले, की हा माणूस कुठेच ओरडत नाही. वॉर्डात ओरडणाऱ्या नातेवाइकाची आम्हाला भीती वाटत नाही, हळू आवाजात "साहेबांना फोन करू का?" असे विचारणाऱ्याची वाटते. निळू फुले यांनी तो दुसरा माणूस बरोबर ओळखला होता. मग वाचले, की रस्त्यात भेटलेल्या बायका त्यांना खरोखरच दुष्ट समजत आणि ते त्याला आपल्या कामाची पावती मानत.

आता एकाच शब्दापाशी गाडी अडली आहे. "बेरकी"ला इंग्रजीत काय म्हणावे? त्यांच्या साऱ्या भूमिकांवर मला हाच शब्द लावावासा वाटतो.

संत्राबर्फी

कनिंग.

मेलबर्नवासी_वऱ्हाडी

कनिंगमध्ये नुसता कावेबाजपणा आला. बेरकी माणसाची गंमत त्यात नाही. इथे "श्रूड" म्हणतात, पण तो शब्द चांगल्या दुकानदारालाही लावतात.

निवृत्त_मास्तर

"स्लाय" हा अर्थाने जवळ जातो. त्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे आहे. परंतु बेरकीपणात जे मुरलेले वय आहे, पाच निवडणुका पाहिलेला माणूस आहे, तो त्यात येत नाही. बेरकी तरुण सहसा नसतो.

झाडीपट्टी

आमच्या नाटकांत अशी भूमिका करणारा नट सुपारी कातरता कातरता बोलतो. समोरच्याकडे पाहतच नाही. प्रेक्षकांना तेवढ्यावरून कळते.

उत्तर_नागपूरकर

झाडीपट्टी यांनी उत्तर देऊन टाकले आहे. ताई, शब्द शोधू नका, तो माणूस काय करतो ते सांगा : आवाज खाली आणतो, डोळे बारीक करतो, पुढच्याला आधी बोलू देतो आणि सर्वांत शेवटी एकच वाक्य बोलतो. हवे तर अखेरीस म्हणा, की कनिंग हा शब्द जवळचा आहे, पण पुरेसा नाही. "जवळचा आहे, पण पुरेसा नाही" हे वाक्य इंग्रजीत नीट बोलता आले, तरी पुष्कळ झाले.

शिकवणीवाल्या_बाई

आणि तो आवाज खाली आणण्याचा भाग सांगताना स्वतःचा आवाजही थोडा खाली आणावा. उच्चाराच्या गुणांत चढउतारही मोजतात. नक्कल मात्र नको. वाड्याचा तो सर्वांना पाठ असलेला संवाद परीक्षाकेंद्रात म्हणू नये.

तर्रीवाला

म्हटलाच, तर परीक्षक पुरुष आहे की स्त्री ते आधी पाहून घ्यावे.

परिचारिका_धंतोली

आज रात्रपाळीहून आल्यावर सासूबाईंच्या हातात घड्याळ दिले आणि बोलायला उभी राहिले. 1 मिनिट 52 सेकंदे झाली. "एक्सपायर्ड" एकदा आलेच, पण लगेच दुरुस्त केले. कनिंगचे वाक्य लांबले, ते कापावे लागेल. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही. मी आवाज खाली आणून डोळे बारीक केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा निळू फुले आहे ना?" आणि घड्याळ बंद करायचेच विसरल्या, त्यामुळे ही 1 मिनिट 52 सेकंदे थोडी अंदाजाची समजावीत.

परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. अभिनेत्याचे कार्ड येईलच असे नाही, हे मला ठाऊक आहे.

मेलबर्नवासी_वऱ्हाडी

घड्याळावरून आठवले : मनगटी घड्याळ परीक्षेच्या खोलीत नेता येत नाही आणि मोबाइलही बाहेरच ठेवावा लागतो, तेव्हा 2 मिनिटांचा अंदाज अंगवळणी पडू द्या. 2 मिनिटे झाली, की परीक्षक वाक्याच्या मधेच थांबवतो. त्याचा अर्थ काही चुकले असा नसतो. कागद आणि पेन्सिल तिथेच मिळते, टिपणे बाहेर आणता येत नाहीत. मूळ पासपोर्ट न्यायला विसरू नका. आणि रात्रपाळी करून थेट परीक्षेला जाऊ नका.

परिचारिका_धंतोली

बुधवारची रात्रपाळी मैत्रिणीशी बदलून घेतली आहे. तिला शाहरुख खान आवडतो.